आंब्याच्या राखणीला सीबी सेट: एका मोसमाचा अनुभव

सीबी म्हणजे सिटिझन बँड, वॉकीटॉकीसारखा बिनपरवाना रेडिओ. त्याच्या खोक्यावर 'रेंज २० किमी' असं छापलंय. ते वाचून कोणी घेणार असेल तर आधीच सांगतो: आमच्या घरापासून बाग दीड किलोमीटरवर आहे आणि पहिल्या संध्याकाळी तेवढंही जमलं नाही.

गाव देवगड तालुक्यात. घर खाली व्हाळाच्या कडेला, बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मध्ये उभी घाटी. मोबाईलला सड्यावर दोन काड्या मिळतात, खाली एकही नाही. मार्च ते मे राखण असते. दिवसा वांदर, रात्री डुकरं, आणि दोन पायांचे कधीही. वर आमचा गणेश राहतो, मूळचा नेपाळचा, सहा वर्षं आमच्याकडेच आहे. त्याला निरोप द्यायचा तर कोणीतरी घाटी चढायची. माझे गुडघे आता नाही म्हणतात, म्हणून जानेवारीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून हातात धरायच्या सीबी सेटची जोडी आणली, साडेसतरा हजारांना.

मी बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी 'मार्कोनीसाब' म्हणत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर संकटसंदेशांची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली, मोर्स संपला आणि आमची जागाही. मग आंबे. त्यामुळे दुकानातला पोरगा 'काका, बटण दाबायचं आणि बोलायचं' म्हणाला तेव्हा मी गप्प बसलो. त्याने सोबत नऊ फुटी अँटेनाही गळ्यात मारायचा प्रयत्न केला, 'कौलांवर लावा, मग बघा मजा.' मजा येईल हे मलाही ठाऊक आहे. पण सीबीला परवाना लागत नाही तो २००५ च्या नियमांमुळे, आणि त्यात अट आहे: ताकद पाच वॅटपर्यंत आणि अँटेना सेटचाच. आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. सेटवर ४० चॅनल दिसतात, पण आपल्याकडे मोकळा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच. म्हणजे १ ते २७ चॅनल आपले. अठ्ठाविसावा २७.२८५ वर पडतो, अगदी उंबऱ्याबाहेर. आम्ही १४ धरला. घेताना सेटला डब्ल्यूपीसीची, म्हणजे बिनतारी यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता आहे का, हेही विचारून घ्या.

आता रेंज. या लहरीची लांबी अकरा मीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना पावणेतीन मीटर हवा. सेटवर येतो तो वीतभर रबरी दांडका. आत तार गुंडाळून लांबीची सोंगं आणलेली असतात, पण ताकद त्या गुंडाळीतच बरीच मरते. वर पहिल्या दिवशी गणेश सेट मोबाईलसारखा आडवा, कानाला लावून बोलत होता. एकाचा दांडका उभा, दुसऱ्याचा आडवा, मग ऐकू येणार कसं? त्याला सेट तोंडापासून चार बोटं दूर, उभा धरायला शिकवलं. बटण दाबल्यावर अर्धा श्वास थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. हे जमेपर्यंत 'डुक्कर आलंय' मधलं मला फक्त 'आलंय' ऐकू यायचं आणि मी विचारत बसायचो, कोण?

बाकी काम जागेचं. मी घरातून बोललो तर नुसती खरखर. खळ्यात, तुळशीपासून दहा पावलं पुढे, जिथून घाटीची खिंड दिसते, तिथे उभा राहिलो की आवाज स्वच्छ. त्याने वर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहायचं. सड्यावरून सड्यावर, मध्ये काही आड नसताना, सहा किलोमीटरपर्यंत मी स्वतः बोललोय. वीस किलोमीटर छापणाऱ्याने कोकण पाहिलेलं नाही.

सीबीवर खरखर फार, हे गाऱ्हाणं मात्र रास्त आहे. हा एएम सेट, त्यामुळे आसपासची विजेची प्रत्येक चूक ऐकवतो. स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी बल्ब लावला की सेट भुणभुणतो. पण याच दोषाने एकदा काम केलं. एप्रिलमध्ये वर सेटमध्ये टक्‌… टक्‌… सुरू झालं, सेकंदाला एक, घड्याळासारखं. मी ओळखलं, झटका कुंपण. दोन दिवस त्याचा झटका लागत नव्हता आणि मशीनवाला बॅटरी बदला म्हणत होता. गणेशला म्हटलं, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायची कळ, पूर्ण उघड आणि तारेच्या कडेकडेने चाल. टकटक मोठी होत गेली आणि करवंदीच्या जाळीपाशी सेट किंचाळायलाच लागला. एक ओली फांदी तारेवर टेकली होती, तिथून ठिणगी उडत होती. फांदी तोडली. टकटक थांबली, कुंपण परत चावायला लागलं.

मार्चच्या एका दुपारी वेगळंच. चॅनल १४ वर अनोळखी माणसं भडाभडा बोलू लागली. बायको भाजी निवडत होती, म्हणाली, "अहो, हा आपला राखणदार की देवळातला?" मी कान दिला. इटालियन. जेनोआ बंदरात इतकं ऐकलंय की सूर विसरत नाही. सूर्य डागाळलेला असला की वातावरणाच्या वरच्या थरावरून ही लहर उडी मारते आणि हजारो किलोमीटर जाते. सूर्याचं हे चक्र साधारण अकरा वर्षांचं. गंमत अशी की इटली ऐकू येत होती आणि गणेश येत नव्हता.

बॅटरीचं सांगायचं तर, नुसतं ऐकत ठेवला आणि मोजकं बोललं तर रात्र निघते. बोलताना अँपिअरभर ओढतो, तेव्हा गप्पा मारायचा हा सेट नव्हे. बांधणी दणकट आहे, एकदा कातळावर पडूनही चालतोय. कमरेची क्लिप मात्र महिन्यात तुटली. खारी हवा चार्जिंगच्या टोकांना सोसत नाही. मेअखेर ती हिरवी पडली, पेन्सिलीच्या खोडरबराने घासून साफ केली.

एका जोडीला चार्जर एकच दिलाय. एक सेट वर, एक खाली, आणि चार्जर एक! दुसऱ्यासाठी दुकानात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आजच कुरिअर टाकतो काका." तोवर गणेश सकाळी दूध घेऊन खाली येतो तेव्हा बॅटरीही घेऊन येतो.