टॉवेलाखालची बोटं

सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत मी यंदा बैल घेतला आणि फसलो. पुढच्या वर्षी सिद्धनाथाला जाणारे असाल तर वाचा.

जोडीतला एक बैल गेला होता. म्हणून कोशा रंगाचा, सहादाती म्हणजे सहा दात आलेला, औताचा खिलार बैल हवा होता. 2023 साली सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना मान्यता दिल्यापासून शर्यतीत पळणाऱ्या खोंडांकडे आपल्यासारख्यानं बघायचंच नाही, तिथं लाखांची भाषा. पण जत्रा म्हणजे जत्रा! देवदर्शन झालं, भजी खाल्ली, तांबडे गोंडे अन् घुंगरमाळ घेतली, बैल मिळायच्या आधीच. चुलते म्हणाले सुद्धा, "आदी बैल घे, मग माळ."

बैल सापडला. शिंगं सरळ, वशिंड भरलेलं, पाठीवर हात ठेवला तर कातडी थरथरली. चालवून बघितला, चाल झकास. जू ठेवून बघू म्हटलं तर मधला दलाल हसला. "पावणं, जत्रंत जू कुठनं आणू? लेकरावानी बैल हाय." इथं मी गप्प बसलो, ही पहिली चूक.

मग टॉवेल. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. पंजा धरला की पाच, वर एक बोट धरलं की सहा. दहा हजाराचं की हजाराचं तेवढं पुटपुटायचं. दलालानं माझा पंजा अन् एक बोट धरलं, मग नुसता पंजा. 65 हजार. तोच टॉवेल घेऊन तो मालकाकडं गेला. तिकडं कुठली बोटं धरली हे मला दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. पैसे दलालाच्या हातातून गेले. पावती करताना म्हणाला, "चाळीसच सांगा, फी वाचंल." मी मान डोलावली. शहाणपणा!

बैलाच्या कानात नंबरचा बिल्ला नव्हता, फाटलेलं भोक होतं. 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावर विकायचं नाही असा नियम आहे, हे मला ठाऊक होतं. "झुडपात अडकून तुटला, नवा मारून घ्या," दलाल म्हणाला. बिल्ल्यावरचे बारा आकडे असते तर गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मोबाईलवर आधीचा मालक काढून दिला असता.

आठ दिवसांनी मोकळ्या रानात नांगर धरला. तिसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या तिसऱ्या ओळीला, बैल बसला. मान मातीला लावली, डोळे अर्धे मिटले. शेपूट पिरगाळलं, पेंड दाखवली, जू काढलं. जू काढल्यावर उठला आणि बांधावरचं गवत खायला लागला.

पावतीवर मालकाचा नंबर होता. फोन लावला. तो बिचारा चकितच झाला. "औताला बसतो म्हणून तर 54 ला दिला की. दलालाला सांगितलं होतं, बोली करूनच, खोड सांगूनच दे म्हणून." म्हणजे 11 हजार टॉवेलात राहिले. तक्रार करायची तर कागदावर चाळीसच.

बैल अजून गोठ्यात आहे. बघायला येणाऱ्याला मी बसतो म्हणून सांगतो, मग तो चहा पिऊन जातो. परवा गावातलाच एक दलाल आला. म्हणाला, "तुम्ही कशाला बोलताय? माज्यावर सोडा, महिन्यात खपवतो." टॉवेल त्याच्याही खांद्यावर होता.