जुना पूर्वेक्षण परवाना घ्यावा, की लिलावात उतरावं?

विदर्भात खनिजाच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्यासमोर कधी ना कधी एक जुनी फाईल येते. २०१५ च्या आधी मिळालेला पूर्वेक्षण परवाना (जमिनीखाली खनिज आहे का ते तपासण्याची परवानगी), सोबत बोअरहोलचे नकाशे, नमुन्यांचे अहवाल आणि ‘खाणपट्ट्याचा (खनिज काढण्याच्या सरकारी पट्ट्याचा) पहिला हक्क आमचाच’ असं सांगणारा मालक. भाव स्वस्त वाटतो. पैसे गुंतवण्याआधी ही फाईल आणि आज उघडे असलेले दोन लिलावाचे रस्ते यांची तुलना करून पाहावी. खाली मी लोखंड, मँगनीज, तांबं अशा प्रमुख खनिजांबद्दलच बोलतो आहे, वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांचे नियम वेगळे आहेत.

आधी ही फाईल. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात १२ जानेवारी २०१५ पासून मोठा बदल झाला आणि खाणपट्टे लिलावानेच द्यायचं ठरलं. जुन्या परवानाधारकांना मात्र कलम १०ए(२)(बी) ने एक वाट ठेवली होती. खनिज असल्याचं पूर्वेक्षणातून सिद्ध केलं असेल, अटींचा भंग नसेल आणि मुदतीत अर्ज केला असेल, तर खाणपट्टा मागण्याचा हक्क शाबूत. पण ‘सिद्ध केलं’ म्हणजे किती? किती बोअरहोल, किती खोल, कोणत्या दर्जाचा साठा? ते राज्य सरकारच्या समाधानावर सोडलेलं. लोकांनी पदरचे पैसे घालून ड्रिलिंग केलं आणि प्रकरणं लोंबकळत राहिली.

मग २८ मार्च २०२१ ची दुरुस्ती आली. या कलमाखालचे सगळे हक्क, प्रलंबित प्रकरणांसकट, त्या तारखेला संपले. परवान्याची स्वतःची मुदत नूतनीकरण धरून जास्तीत जास्त ५ वर्षं, म्हणजे ती तर बहुतेक फाईलींत आधीच उलटलेली. उरतं काय? पूर्वेक्षणावर झालेला खर्च परत मागण्याचा अधिकार. प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसांवर हा अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं, पण त्यांच्याबद्दलची सहानुभूती म्हणून ती फाईल विकत घेऊ नये. ‘कोर्टात जाऊ, हक्क परत मिळेल’ असं कुणी सांगितलं, तर ते वाक्य किंमत ठरवताना शून्य धरावं. फाईलच्या भरवशावर माती हलवली, तर कलम २१ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरकारी सहीशिक्क्यावर फार विसंबू नये, हे गोव्याने महागात शिकवलं आहे. तिथल्या ८८ खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण राज्यानेच केलेलं होतं. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर खाणी थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळ्यांचीच चूल त्यावर होती. कागद कुणी दिला याइतकंच तो कोणत्या पद्धतीने दिला हेही पाहावं लागतं.

आता लिलाव. पहिला रस्ता कंपोझिट लायसन्सचा, म्हणजे पूर्वेक्षण आणि पुढे खाणपट्टा एकाच बोलीत. खनिज सापडलं तर खाणपट्टा तुमचाच, तोही ५० वर्षांचा, आणि त्यासाठी पुन्हा लिलाव नाही. शिवाय राज्याच्या मंजुरीने तो हस्तांतरित करता येतो. मात्र बोली उत्पादनाच्या मूल्यावरच्या टक्केवारीत लागते, आणि जमिनीखाली काय आहे हे पुरतं माहीत नसताना ती लावायची असते. लिलावाच्या जोशात चढवलेली टक्केवारी पुढे दर टनाला भरावी लागते. पहिल्या प्रयत्नात ३ पात्र बोलीदार नसतील तर लिलावच रद्द होतो, हेही वेळापत्रक आखताना धरावं.

दुसरा रस्ता २०२३ च्या दुरुस्तीने आणलेल्या अन्वेषण परवान्याचा. यात खाण तुम्हाला मिळत नाही. तुम्ही शोध लावायचा, राज्य त्यावर खाणपट्ट्याचा लिलाव करणार, आणि खाणपट्टा जिंकणारा राज्याला जो प्रीमियम, म्हणजे बोलीची रक्कम, देईल त्यातला वाटा तुम्हाला. बोली उलटी असते, कमी वाटा मागणारा जिंकतो. क्षेत्र १००० चौरस किलोमीटरपर्यंत, मुदत ५ वर्षं आणि वर २ वर्षांची वाढ. पण ३ वर्षांनंतर फक्त २५ टक्के क्षेत्र हाती ठेवता येतं, म्हणून सुरुवातीचं सर्वेक्षण रेंगाळलं तर नुकसान पक्कं. या परवान्याचा देशातला पहिला लिलाव, १३ ब्लॉकचा, मार्च २०२५ मध्ये गोव्यातच जाहीर झाला.

शिवाय हा परवाना खाण व खनिज कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या (यादीतल्या) २९ खनिजांपुरताच आहे. तांबं, सोनं, लिथियम, टंगस्टन त्यात येतात. भंडाऱ्याचं मँगनीज, गडचिरोलीचं लोखंड किंवा कोल्हापूरचं बॉक्साइट डोक्यात असेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाहीच, कंपोझिटकडेच वळा.

हक्काच्या वैधतेपुरते हे दोन्ही रस्ते जुन्या फाईलपेक्षा कितीतरी भक्कम आहेत, कारण त्यांचा जन्मच लिलावातून होतो. पण वनजमिनीत शिरायला वनकायद्याखालची परवानगी वेगळी लागते आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात वनहक्कांचा प्रश्न लिलाव जिंकल्याने सुटत नाही.

माझं मत विचाराल, तर स्वतः खाण चालवायची ताकद आणि दहा वर्षं थांबायचं भांडवल असेल तर कंपोझिट. भूवैज्ञानिकांची चांगली टीम असेल पण खाणीचा पसारा नको असेल, तर अन्वेषण परवाना. तिथे तुमची कमाई दुसऱ्याच्या बोलीवर अवलंबून राहील, ते मान्य असायला हवं. आणि जुन्या फाईलीतले बोअरहोलचे अहवाल खरंच चांगले असतील, तर त्या मालकाशी माहितीपुरता व्यवहार करा. हक्काचा उल्लेख करारात येऊच देऊ नका, आणि सही करण्याआधी नागपूरच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयात जाऊन त्या क्षेत्राची आजची नोंद स्वतः बघून या.