भूकोश पोर्टल: डोंगरउताराची जागा घेण्याआधी किती उपयोगी?

मुळशी-मावळच्या डोंगराला लागून गृहप्रकल्पासाठी जागा घ्यायची असेल, तर टोकन देण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल उघडाच. ते मोफत आहे, नाव नोंदवलं की चालू होतं. जागा नाकारण्यासाठी ते उत्तम आहे. जागा पास करण्यासाठी मात्र अजिबात पुरेसं नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

आत गेल्यावर चार लेअर लावा: भूशास्त्रीय नकाशा, लिनियामेंट म्हणजे खडकातल्या भेगांच्या लांब रेषा, दरडप्रवणता म्हणजे दरड सुटण्याची शक्यता कुठे किती, आणि जुन्या दरडींच्या नोंदी. ते शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डिजिटल फाइलमध्ये) उतरवून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये मोजणी नकाशाच्या हद्दीवर ठेवा. गट नंबरावरून अंदाजाने टिंब देऊ नका. डोंगरातला गट लांबलचक असतो; टिंब पठारावर पडतं आणि इमारत उतारावर येते.

दरडप्रवणतेचा नकाशा १:५०,००० प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. दोन एकरांची चौकोनी जागा साधारण नव्वद मीटर बाजूची, म्हणजे नकाशावर दोन मिलिमीटरही नाही. त्यामुळे ‘आमचा प्लॉट कमी धोक्याच्या रंगात येतो’ या वाक्याला अर्थ नाही. हद्दीपासून थेट डोंगरमाथ्यापर्यंतचा रंग बघा. दरड कुठून सुटू शकते ते नकाशा दाखवतो. सुटलेला राडारोडा खाली कुठवर येईल ते दाखवत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणमध्ये वरून आलेल्या चिखल-दगडांखाली १५१ माणसं गेली. वरचा उतार जास्त धोक्याच्या रंगात असेल आणि ओघळ तुमच्या प्लॉटवर उतरत असेल, तर जागा सोडा. नकाशा झाल्यानंतर रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तर तोही त्यात दिसणार नाही. ते पायी फिरूनच बघावं लागतं.

भूशास्त्रीय लेअरवर इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट अशी लाव्हाथरांच्या गटांची नावं येतात. माहिती चांगली आहे, पण ती खडकाची. त्यावर काळी माती एक मीटर आहे की पाच, हे त्यावरून कळत नाही. पायाच्या खर्चाचा सगळा फरक तिथेच पडतो. काळ्या मातीची फुगण्याची चाचणी स्वस्त आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि २४ तास थांबायचं. रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर आणि पाण्यात २१ भरली, तर फुगवटा ७५ टक्के. ५० च्या वर आकडा गेला की साध्या उथळ पायाचा नाद सोडावा.

यापुढचं काम बोअरचं, म्हणजे जमिनीखालचा खडक तपासण्यासाठी घेतलेल्या छिद्राचं. सह्याद्रीच्या पायथ्याला मातीत रुतलेले दोन-तीन मीटरचे धोंडे सर्रास असतात. एक मीटर कोअर (ड्रिलमधून निघणारा खडकाचा दंडगोल) निघाला की ‘हार्ड रॉक लागला’ असं लिहून मशीन हलवलं जातं. बोअर खडकात किमान तीन मीटर न्यायला सांगा, आणि धोंड्यांचा संशय असेल तर पाच. शेजारच्या बोअरमध्ये खडकाची पातळी एकदम चार मीटरने वरखाली झाली, तर एका ठिकाणी धोंडा लागला असण्याची दाट शक्यता आहे.

कोअर बॉक्स स्वतः बघा, फोटोवर भागवू नका. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले ड्रिल केलेली लांबी, हा आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचा आकडा. दीड मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका दमात ड्रिल केलेल्या टप्प्यात, असे तुकडे ६० सेंटिमीटर भरले, तर ४० टक्के. दोन लाव्हाथरांच्या मधे विटकरी रंगाचा मऊ पट्टा दिसला तर तो रेड बोल. उघडा पडला की तो भुसभुशीत होतो आणि पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी झिरपतं. तळघराची खोदाई तिथून जाणार असेल, तर डिझाइन करणाऱ्याला त्याची खोली आधीच हवी. कोअर घासला गेला की बॉक्समध्ये या पट्ट्याच्या जागी नुसती रिकामी खाच उरते. ती रिकामी जागा अहवालात कशी लिहिली आहे ते आवर्जून वाचा.

पहिल्या चाळणीसाठी पाचपैकी चार तारे. पायाच्या निर्णयासाठी शून्य.