विश्रामबागेतील रेसिडेन्सी मार्गदर्शन केंद्र : पर्सनल स्टेटमेंट सेवेचा अनुभव

अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या पदव्युत्तर रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या) अर्जासाठी पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःविषयीचे निवेदन, तपासून घ्यावे, म्हणून मी सांगलीत विश्रामबागेतील एका मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. नीट पीजी या आपल्याकडच्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेत गुणक्रमच सगळे ठरवत असल्याने स्वतःविषयी पानभर लिहिण्याची वेळ आपल्या विद्यार्थ्यांवर सहसा येत नाही, आणि ही उणीव हे केंद्र खरोखर चांगली भरून काढते.

माझ्या पहिल्या मसुद्यात सेवाभाव, जिद्द, लहानपणापासूनचे स्वप्न असे सगळे होते. मार्गदर्शक मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि ‘इंटर्नल मेडिसिनच (प्रौढांच्या आजारांवरील उपचारांची शाखाच) का?’ या एकाच प्रश्नावर मला बराच वेळ बोलते केले. त्यातून २०१९ च्या महापुरात निवारा केंद्रात भेटलेले एक मधुमेही आजोबा आठवले. त्यांचे इन्सुलिन पुरात गेले होते, मात्रा आठवत नव्हती, लक्षात होता तो फक्त पेनच्या टोपणाचा निळा रंग. त्यांची मात्रा नव्याने ठरवताना आमच्या सरांनी त्यांना काय काय विचारले, ते मी लिहून काढले. पुढे मुलाखतींत माझ्याशी सर्वाधिक बोलणे झाले ते याच परिच्छेदावर. ईरास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत २८,००० अक्षरांची मुभा असली तरी मजकूर एका पानातच बसवण्याचा मॅडमचा आग्रहही योग्यच होता.

मात्र ‘स्टेटमेंट दमदार असेल तर स्कोअर मागे पडतो’ हा केंद्राचा दावा मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतील डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा असलेल्या स्टेप १ चा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे स्टेप २ सीके या पुढच्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले आहे. शिवाय पदवीचे वर्ष, व्हिसा आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे यांवर अनेक अर्ज आधीच चाळले जातात. त्या चाळणीत गळालेल्याला स्टेटमेंट क्वचितच तारते, पण निष्काळजी किंवा उसने स्टेटमेंट हातची संधी घालवू शकते. म्हणूनच केंद्राने सोबत दिलेली तयार नमुन्यांची फाइल मला धोकादायक वाटली, कारण मजकूर आपलाच असल्याची ग्वाही अर्जदाराला द्यावी लागते. वेगवेगळ्या प्रोग्रॅमना (रुग्णालयांच्या रेसिडेन्सी अभ्यासक्रमांना) वेगळे स्टेटमेंट जोडता येते, हेही केंद्राने सांगितले नाही; ते मिरजेच्या सीनियरांकडून कळले.

अर्ज सप्टेंबरअखेरीस प्रोग्रॅमकडे पोहोचतात, त्यामुळे जायचे असल्यास जूनमध्येच जावे, महागडे संपूर्ण पॅकेज न घेता केवळ चर्चेचे सत्र आणि भाषातपासणी घ्यावी, आणि उरलेले पैसे तिकडच्या क्लिनिकल अनुभवासाठी राखावेत.