बेळगावातील महिला तपासणी केंद्र: नमुना चोख, निरोप ढिसाळ

बेळगाव शहरातील एका खासगी महिला आरोग्य केंद्रात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई यंदा एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या ह्युमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूच्या, डीएनए चाचणीसाठी गेलो होतो. जाऊबाई खानापूर तालुक्यातील खेड्यात राहतात. ‘दुखत नाही, खुपत नाही, मग दवाखान्याची पायरी कशाला चढायची?’ या त्यांच्या प्रश्नापुढे मी दोन महिने हरत होते. या विषाणूचा संसर्ग बहुधा कसलीच चाहूल देत नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निपटून टाकते. पण जोखमीचा एखादा प्रकार गर्भाशयमुखात ठाण मांडून बसला, तर तिथल्या पेशी हळूहळू बदलत जाऊन कर्करोग व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात, आणि तपासणीचा खरा उपयोग याच मधल्या काळात असतो. अंगावरून अवेळी रक्त जाणे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होणे, ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो.

नमुना घेण्याच्या कामात या केंद्राला नाव ठेवायला जागा नाही. पाळीच्या दिवसांत येऊ नये, आदल्या दोन दिवसांत संबंध व योनीमार्गातील औषध टाळावे, या सूचना फोनवरच मिळाल्या होत्या. खोलीला आतून कडी होती, पडदा होता, अंगावर घ्यायला धुतलेली चादर होती. कानडी वळणाच्या मराठीत बोलणाऱ्या परिचारिकेने ‘अक्का, लांब श्वास घ्या, पाय सैल सोडा’ असे म्हणत लहानशा ब्रशाने नमुना घेतला आणि द्रवाच्या कुपीत घातला. सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नसतील. बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी मी दोन महिने घाबरले होय!’

तक्रार पुढची आहे. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या किती बायका इथे येतात हे ठाऊक असूनही मराठीत एक ओळ नव्हती. जाऊबाईंनी न वाचताच सही केली. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नसल्याने मुलाचा नंबर लिहून घेतला गेला आणि काही दिवसांनी अहवाल थेट त्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडला: इंग्रजीत, ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’, आणि सोबत समजावणारे कुणीही नाही. घरात आधी कर्करोगाची रड झाली, मग ‘हे आले कुठून?’ ही कुजबुज सुरू झाली. एका स्त्रीचा असा अहवाल तिला न विचारता दुसऱ्याच्या हाती पडावा, ही चूक मला अक्षम्य वाटते.

त्या अहवालाचा अर्थ प्रत्यक्षात बराच सौम्य होता. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असलेले १६ आणि १८ हे प्रकार त्यात नव्हते. जोखमीच्या इतर प्रकारांपैकी काही आढळले होते. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे खरे, परंतु तो वर्षानुवर्षे निमूट राहू शकतो, त्यामुळे तो केव्हा आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी हे सारे सावकाश, मराठीत, जाऊबाईंकडे पाहत सांगितले. पण ते चार दिवसांनी, आम्ही पुन्हा बस पकडून गेल्यावर. त्याच दिवशी कॉल्पोस्कोपी झाली. गर्भाशयमुखावर ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून भिंगातून पाहिले असता पांढरा पडलेला संशयास्पद भाग दिसला नाही, तेव्हा वर्षाने पुन्हा चाचणी करायची असे ठरले.

चाचणीवरचा माझा विश्वास मात्र ढळलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमधील, खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ज्या गटाची ही चाचणी एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू अशी तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. आपल्यासारख्याच बायकांवरचा तो पुरावा आहे.

केंद्रात लसही मिळते. माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक दिली. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा असतात. लस असलेला संसर्ग बरा करत नाही आणि लस घेतली तरी पुढे तपासणी चुकत नाही, हे परिचारिकेने आपणहून सांगितले.

तपासणीसाठी मी इथे पुन्हा जाईन. निघताना जाऊबाईंनी पुढच्या वर्षीच्या कार्डावरचा मुलाचा नंबर खोडायला लावला, तिथे माझा नंबर लिहून घेतला आणि ‘आधी फोन करा, कागद मागाहून’ असे काउंटरवर बजावले.