जुना मॉडेल एम + प्रो मायक्रो + सोअरर फर्मवेअर: वापरून बनलेलं मत

आयबीएमचा जुना मॉडेल एम कीबोर्ड यूएसबीला जोडायला मी एक कन्व्हर्टर बनवला: मध्ये प्रो मायक्रो नावाचं छोटं बोर्ड आणि त्यात सोअररचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डच्या आत बसणारा प्रोग्राम. आधीच सांगतो, जुना कीबोर्ड नुसता यूएसबीला जोडायचाय एवढंच असेल तर या भानगडीत पडू नका. पीएस/२ चा (यूएसबीच्या आधीचा गोल प्लग) कीबोर्ड असेल तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत दोन शेपट्यांचा ॲडॅप्टर मिळतो, बास झाला. घरी कोणाकडे टीव्हीएस गोल्ड पडून असेल, तो चेरी ब्लू स्विचवाला, गोल पिनचा, तर त्यालाही तेवढंच पुरतं. आणि डेस्कटॉपला मागे पीएस/२ चं सॉकेट असेल (नवीन मदरबोर्डांवरही बऱ्याचदा असतं) तर ॲडॅप्टरही नको, फक्त मशीन बंद करून लावा, चालू मशीनला पीएस/२ घालायचं-काढायचं नसतं.

मग मी हे कशाला केलं? कारण विंडोज की. आयबीएमचा मॉडेल एम १९८५ पासूनचा, १०१ बटणांचा, आणि विंडोज की आली १९९४ ला मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डबरोबर, म्हणजे यावर ती असायचा प्रश्नच नाही. आता मी दिवसभर मराठी-इंग्रजी-मराठी करत असतो, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायची सवय हाताला लागलेली, ती की नसेल तर दर दोन मिनिटांनी माउस शोधा. साधा ॲडॅप्टर इथे काहीच करू शकत नाही, तो कीबोर्डवरून जे येईल ते पुढे ढकलतो.

सोअररचं फर्मवेअर नेमकं इथे कामाला येतं. फुकट आहे, एटीमेगा ३२यू४ चिपवर चालतं, म्हणजे ती चिप असलेलं टीन्सी २.० बोर्ड घ्या नाहीतर स्वस्तातला प्रो मायक्रो. मी प्रो मायक्रोच घेतला, सॉकेट-वायर धरून खर्च पाचशे-सहाशेच्या आसपास. चारच वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, डेटा. प्रो मायक्रोच्या २ नंबरवर क्लॉक आणि ३ वर डेटा. फक्त डिन सॉकेटचा (कीबोर्डचा गोल प्लग बसतो ते) आराखडा बघताना तो समोरून काढलाय की सोल्डरच्या बाजूने हे बघा, आरसा झाला की ५ व्होल्ट भलत्याच पिनला जातात, मल्टीमीटर लावून खात्री करा आणि मगच कीबोर्ड जोडा.

फर्मवेअर चढवायला बोर्डवरचा आरएसटी (रीसेट) पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवायचा, मग ८ सेकंद मिळतात तेवढ्यात अपलोड. हे एकदाच. नंतरचे बदल साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, कॅप्स लॉकच्या जागी डावी विंडोज की अशी एक ओळ लिहायची, सोबतच्या छोट्या टूलने ती कम्पाइल करून कन्व्हर्टरमध्ये टाकायची, झालं. सेटिंग बोर्डच्या आत राहतं त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपला लावलं तरी काही इन्स्टॉल करायला नको, आयटीवाल्यांच्या हातापाया पडायला नको. माझ्यासाठी अर्धे पैसे इथेच वसूल. उजव्या कंट्रोलवर मेन्यू की टाकलीय, लेअर (एकाच बटणाला दुसरं काम) आणि मॅक्रोपण (एका बटणात अनेक बटणं) होतात पण मला एवढं लागत नाही.

दुसरी कमाल म्हणजे हे स्वतःच ओळखतं समोर कोण आहे. जुन्या आयबीएम कीबोर्डांची बोलीच वेगवेगळी. १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबर जो मॉडेल एफ आला तो एक्सटी पद्धतीचा, 'ए' दाबलं की १ई हा कोड पाठवतो आणि सोडलं की ९ई. १९८४ च्या पीसी एटी या आयबीएमच्या पुढच्या मॉडेलपासून तेच 'ए' दाबलं की १सी, सोडलं की एफ०, १सी. मजा म्हणजे दोघांचा प्लग सारखाच, पाच पिनी जाडा डिन, त्यामुळे लोक एक्सटीवाला कीबोर्ड स्वस्तात उचलतात, ॲडॅप्टरला लावतात आणि काहीच उमटलं नाही की मेला म्हणून भंगारात टाकतात. अहो मेला नाहीये तो, ॲडॅप्टरला त्याची बोली कळत नाही. एक्सटी तर एकतर्फीच बोलतो, कॉम्प्युटरचं ऐकूनच घेत नाही, म्हणून त्यावर कॅप्स लॉकचा दिवाही नसतो. सोअरर दोन्ही समजतो, वर १२२ बटणांचे टर्मिनलवाले कीबोर्डही.

आता खटकलेलं. सोर्स कोड बंद आहे, थेट बोर्डवर चढवायची तयार हेक्स फाईल मिळते तेवढीच, उद्या काही अडलं तर आपण आत हात घालू शकत नाही. स्वस्तातल्या नव्या आरपी२०४० चिपच्या बोर्डांवर ते चालत नाही. टूल्स कमांड लाइनवाली, ज्याला काळी खिडकी बघून घाम फुटतो त्याने मित्राला बसवावं. आणि प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी पोर्ट फार नाजूक असतं, जरा ओढ बसली की बोर्डवरून उखडतं, म्हणून पहिल्या दिवशीच हॉट ग्लू.

गेम खेळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, मॉडेल एमच्या आत मेम्ब्रेन (प्लास्टिकचे पातळ पडदे) आहे आणि काही तीन बटणं एकदम दाबली की एक गिळलं जातं. हे कुठलंही फर्मवेअर दुरुस्त करू शकत नाही, दोष वायरिंगच्या जाळीतच आहे. मॉडेल एफमध्ये हा त्रास नाही, तो कपॅसिटिव्ह आहे.

मराठीचं बरेच जण विचारतात म्हणून, काही वेगळं करावं लागत नाही. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं तेवढं सांगतो, अक्षर विंडोज नाहीतर लिनक्स ठरवतं, त्यामुळे चाळीस वर्षं जुन्या अमेरिकन बटणांवर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) आरामात चालतं, 'के'वर क, 'एच'वर प. बटणांवर देवनागरी छापलेलं नाही, तेव्हा बोटांना पाठ हवं.

दहापैकी साडेआठ. दीड गुण बंद सोर्सचा कापला.

ज्यांना ओपन सोर्सच पाहिजे त्यांनी टीएमके हे कीबोर्डचं फर्मवेअर बघा, क्यूएमके त्यातूनच फुटून निघालं. आयबीएम सोडून सन, नेक्स्ट, जुने मॅक यांच्यासाठी सोअरर नाही, टीएमके किंवा क्यूएमके लागतं. ॲपलचा एक्सटेंडेड कीबोर्ड २ असेल तर त्याची एडीबी (जुन्या मॅकची कीबोर्ड जोडणी) केबल आणि एस-व्हिडिओची केबल एकाच चार पिनी प्लगची, त्यामुळे घरातल्या जुन्या टीव्हीची वायर कामाला येते. डेटा आणि ५ व्होल्टच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर मात्र टाका, चिपच्या आतल्या पुलअपच्या (असाच आत बसवलेला रेझिस्टर) भरवशावर राहू नका.