साक्याचं कारण शोधायचं कुठे: बैठकीत की बागेत?

हापूस बाहेरून सोन्यासारखा, कापला तर आत पांढरट, आंबूस गर. साका! मग वाडीत कारण शोधायच्या दोन रीती.

पहिली, देवळाच्या सभामंडपात बैठक. जाणते बागायतदार म्हणतात, "जमिनीची धग लागते हो." सगळे झाडांखाली पेंढा पसरतात. साका घटला तर पेंढ्याचं यश, नाही घटला तर पेंढा कमी पडला! हा अंदाज चुकूच शकत नाही, तिथेच गोम आहे. भांडणं मात्र होत नाहीत.

दुसरी रीत किचकट. सारख्या वयाची झाडं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांखाली पेंढा, निम्मी तशीच. दोन्ही गटांतलं चौदा आणे तयार (म्हणजे पुरतं पिकण्याआधी उतरवलेलं) फळ आणि झाडावरच पिकत आलेलं फळ वेगळं ठेवायचं. क्रेटवरची खूण ज्याला ठाऊक नाही, त्यानेच आंबे कापायचे. (पेटीचा भाव आठवून हात थरथरतो, ते वेगळं.) इथे "पेंढ्याने काही होत नाही" म्हणणारा शेजारी कामाचा ठरतो. १९६० साली मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी २-४-६ या आकड्यांमागचा नियम ओळखायला दिला, तेव्हा बरेच जण आपल्या अंदाजाला जुळणारेच आकडे विचारत राहिले. नियम साधा होता: चढते आकडे. उलटं विचारणारा लागतो, आणि तो एकट्यापेक्षा गटात सहज सापडतो.

माझं मत दुसऱ्या रीतीला. मोहरावर तुडतुडे आले की मात्र चिठ्ठ्या टाकायला सवड नसते. तेव्हा जाणत्यांचं ऐकून फवारणीचा पंप उचलायचा.